उत्तर शून्य, गुण चार

चौरसाच्या चार कोपऱ्यांवर चार सारखे धन चार्ज ठेवले आहेत, तर मध्यबिंदूवर नेट इलेक्ट्रिक फील्ड किती? लातूर आणि नांदेड या नीटच्या, म्हणजे मेडिकल प्रवेशपरीक्षेच्या, क्लासेसच्या दोन शहरांत मिळून हा प्रश्न वर्षभरात जितक्या वेळा सोडवला जात असेल, तितक्या वेळा तो जगाच्या पाठीवर आणखी कुठे सोडवला जात असेल असं वाटत नाही. (कोटा शहराचा अपवाद करावा लागेल, पण कोट्याची बाजू मांडायला राजस्थानी लेखक समर्थ आहेत.) बारावीच्या फिजिक्सच्या पहिल्याच धड्यातला हा प्रश्न. तो सकाळी फळ्यावर येतो, त्याच रात्री डीपीपीत, म्हणजे रोजच्या सरावप्रश्नांत, येतो, रविवारच्या टेस्टला चौरसाचा षटकोन होऊन येतो, आणि ज्यांची रँक हुकली त्यांना पुढच्या वर्षी रिपीटर बॅचमध्ये पुन्हा गाठतो. घरच्यांनी सोयाबीनचे पैसे, पतसंस्थेचं कर्ज आणि मामाची उसनवारी यांची बेरीज करून फी भरलेली असते, आणि एवढ्या बेरजांनंतर पोराचं उत्तर येतं शून्य. ते बरोबर असतं. त्याला चार गुण मिळतात.

यावर हसणारे पुण्या-मुंबईकडे पुष्कळ आहेत. त्यांचं म्हणणं असं, की लातूर पॅटर्न म्हणजे क्लृप्त्यांचा कारखाना. तिथली पोरं आकृती पाहून ‘सिमेट्री, झिरो’ म्हणतात आणि उत्तरपत्रिकेतल्या पुढच्या गोळ्याकडे वळतात, त्यांना फिजिक्स कुठे येतं? यातलं पहिलं वाक्य मला मान्य आहे. दुसरं वाक्य मात्र फिजिक्स न येणाऱ्याचं आहे. या प्रश्नापुरतं तरी क्लृप्ती हेच फिजिक्स आहे, आणि जिला आपण आदराने ‘सविस्तर पद्धत’ म्हणतो ती बेरीज हीच खरी घोकंपट्टी. हे विधान लातूरकरांनाही जरा जास्तच वाटेल, म्हणून हिशोब करून पाहू.

प्रत्येक चार्ज एक मायक्रोकूलॉमचा घ्या आणि कोपऱ्यापासून मध्यबिंदूचं अंतर दहा सेंटिमीटर धरा. नऊवर नऊ शून्यं, त्याला दहा लाखाने भागा, मग अंतराच्या वर्गाने भागा; एका चार्जचं फील्ड येतं नऊ लाख न्यूटन प्रति कूलॉम. आता सविस्तर पद्धतीने चार बाण काढायचे, प्रत्येकाचे आडवे-उभे कंपोनंट करायचे, पंचेचाळीस अंशाचा कोसाइन आणि साइन लावायचा, आठ संख्या मांडायच्या, त्यातल्या चार अधिक आणि चार वजा निघतात, आणि पानभर शाई खर्चून आठांची बेरीज शून्य येते. यात कुठेही विचार करावा लागत नाही. केला तर उलट चूक होते. नीटच्या पेपरात १८० मिनिटांत १८० प्रश्न असतात, म्हणजे एकाला एक मिनिट, आणि या पद्धतीत ते मिनिट आकृती काढण्यातच जातं. दुसरा एक वर्ग आहे, जो चारही नऊ लाखांची सरळ बेरीज करून छत्तीस लाख लिहितो. त्याला हसू नये. घरात फीचा, होस्टेलचा आणि मेसचा हिशोब त्याने लहानपणापासून याच पद्धतीने होताना पाहिलेला असतो, आणि तिथे कुठल्याच रकमेला दिशा नसते. सगळ्या बाहेरच जातात. आणि ज्याला क्लृप्ती येते तो म्हणतो: समोरासमोरचे दोन सारखे चार्ज मधल्या बिंदूला विरुद्ध बाजूंना ढकलतात, एक जोडी गेली, दुसरीही गेली. संपलं.

खरी गंमत पेपर काढणारा एक चार्ज काढून घेतो तेव्हा सुरू होते. आता तीन उरले, नेट फील्ड किती? सविस्तरवाला पुन्हा सहा कंपोनंट मांडायला बसतो. क्लृप्तीवाला विचार करतो की चौघांचं मिळून शून्य होतं, म्हणजे उरलेल्या तिघांचं जे काही आहे ते गेलेल्याच्या बरोबर उलट असणार. तेव्हा उत्तर नऊ लाख, दिशा रिकाम्या कोपऱ्याकडे. हजर असलेल्या तिघांचा हिशोब गैरहजर असलेल्या एकावरून करायचा, ही कल्पना सतराव्या वर्षी डोक्यात शिरणं ही लहान गोष्ट नाही. मराठवाड्यातल्या राजकारणात ती शिरायला माणसाची साठी उलटते. एकदा ती शिरली की पंचकोन, षटकोन, बारा आकड्यांवर बारा चार्ज ठेवलेलं घड्याळ, सगळं एकच होऊन जातं. रेस्निक-हॅलिडेच्या जाड पुस्तकात घड्याळाचा एक प्रसिद्ध प्रश्न आहे: एकच्या आकड्यावर एक पट ऋण चार्ज, दोनवर दोन पट, असं बारापर्यंत, तर मध्यावरचं फील्ड दाखवतं त्या दिशेला तासकाटा किती वाजता असेल? बाराही बाण काढणाऱ्याचे साडेबारा वाजतात. समोरासमोरचे आकडे वजा केले तर प्रत्येक जोडीत फरक सहाचाच निघतो, बाण सातपासून बारापर्यंतच्या आकड्यांकडे सारख्या लांबीचे उरतात, आणि त्यांची मधली दिशा म्हणजे साडेनऊ.

पहिला आक्षेप ठरलेला: ही पोरं क्लृप्तीच पाठ करतात. तशी करणारी आहेत, नाकारण्यात अर्थ नाही. पण पाठांतराचा ठपका एकट्या लातूरवर येतो याचं कारण इतिहासात आहे. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या नावाशी जोडलेला मूळ लातूर पॅटर्न बोर्डाच्या परीक्षेसाठी होता: जादा तास, प्रश्नपेढी, सराव, तपासलेला पेपर हातात देऊन पुन्हा सराव. बोर्डाच्या पेपरात पायऱ्यांना गुण असायचे, त्यामुळे आठ कंपोनंट मांडणाऱ्या पोराचं भलं व्हायचं. पुढे राज्याची सीईटी आली. तिच्यात चुकीच्या उत्तराला दंड नव्हता, त्यामुळे येत नसेल तिथेही गोळा काळा करायला हरकत नसे. मग एप्रिल २०१६ उजाडला. त्या महिन्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं आणि दिल्लीहून सर्वोच्च न्यायालयाचा नीटचा आदेश आला. पाण्याची गाडी काही महिन्यांनी थांबली, नीट थांबली नाही. नीटमध्ये बरोबरला अधिक चार, चुकीला वजा एक. इतकी वर्षं मुख्यतः धन चार्जांवर चाललेल्या शहरात ऋण चार्ज आता कायमचा आला, असं म्हणायला हरकत नाही. आणि त्यासरशी नुसतं पाठांतर तोट्यात गेलं. कारण पर्यायांत नऊ लाख दोनदा छापलेले असतात, एकदा रिकाम्या कोपऱ्याकडे आणि एकदा त्याच्यापासून दूर. क्लृप्ती पाठ असलेल्याला नऊ लाख येतात, समजलेल्याला बाण येतो. दोघांच्या मार्कांत पाचाचा फरक पडतो, आणि पाच मार्कांत नीटची किती हजार माणसं पुढे जातात हे ट्यूशन एरियातल्या चहावाल्यालाही विचारता येईल.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. शून्य हे उत्तर म्हणजे उत्तराचा अभाव. शास्त्रज्ञ काहीतरी मोजतो, शून्य काढून काय मिळतं? याला विजेच्या इतिहासानेच उत्तर देऊन ठेवलं आहे. विद्युतबल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं हा नियम आपण कूलॉमच्या नावाने शिकतो. त्याने १७८५ साली पिळाच्या तराजूने दोन भारित गोळ्यांमधलं बल प्रत्यक्ष मोजलं, म्हणजे सविस्तर पद्धत. पण त्याआधी १७६७ मध्ये प्रिस्टली नावाच्या इंग्रज माणसाने पोकळ भारित भांड्याच्या आत बल जाणवत नाही एवढ्यावरून हाच नियम ताडला होता. आणि कूलॉमच्या बारा वर्षं आधी हेन्री कॅव्हेंडिशने तो पक्का केला. त्याने एका गोलाभोवती दोन पोकळ अर्धगोल बसवले, तारेने आतल्या-बाहेरच्याला जोडलं, बाहेरून वीज दिली, तार काढली, अर्धगोल उघडले आणि आतल्या गोलाजवळ भेंडाच्या गोळ्या नेऊन पाहिल्या. त्या हलल्या नाहीत. आत शून्य. पोकळ गोलाच्या आतल्या कुठल्याही बिंदूवर चहूबाजूंच्या असंख्य चार्जांची बेरीज शून्य यायची असेल तर अंतराचा घात दोनच असावा लागतो. लांबच्या बाजूचं क्षेत्रफळ ज्या प्रमाणात वाढतं त्याच प्रमाणात बल घटलं तरच हिशोब मिटतो. या न हललेल्या गोळ्यांवरून कॅव्हेंडिशने तो घात दोनपासून फार तर पन्नासाव्या भागाने ढळू शकतो असं दाखवलं. शंभर वर्षांनी मॅक्सवेलने हाच प्रयोग सुधारून केला तेव्हा ती मर्यादा एकवीस हजार सहाशेव्या भागावर आली. बल मोजत बसलेल्यांना इतकी अचूकता साधली नव्हती, कारण नऊ लाख मोजताना हजार-दोन हजार इकडेतिकडे होतात, शून्यातून थोडंसं जरी सांडलं तरी लगेच दिसतं. तेव्हा ‘सिमेट्री, झिरो’ म्हणणारं पोर कॅव्हेंडिशच्या परंपरेतलं आहे. फरक इतकाच, की कॅव्हेंडिशने निकाल कागदांत पुरून ठेवला आणि तो मॅक्सवेलने १८७९ मध्ये छापला, माणूस जाऊन जवळजवळ सत्तर वर्षं झाल्यावर. एवढी मोठी रँक येऊन चौकात एक फ्लेक्स लागला नाही. नांदेडात हे शक्य नव्हतं. तिथे निकालाच्या दिवशी दुपारपर्यंत आयटीआय चौकातून आभाळ दिसेनासं होतं.

कुणी म्हणेल, ठीक आहे, पण बाणांची बेरीज का करायची हे तरी त्यांना माहीत असतं का? म्हणजे अध्यारोपणाचं तत्त्व: प्रत्येक चार्ज आपलं फील्ड असं देतो जणू बाकीचे नाहीतच, आणि मग सगळ्यांची बेरीज. नसेल माहीत. पण ‘का’ला उत्तर पुस्तकातही नाही. कूलॉमचा नियम फक्त दोन चार्जांबद्दल बोलतो. तिसरा आला म्हणून पहिल्या दोघांच्या संबंधांत बदल होत नाही हे त्या नियमात कुठेही लिहिलेलं नाही. ते प्रयोगाने कळलेलं आहे. (माणसांच्या बाबतीत प्रयोग उलटा निकाल देतो.) आणि अगदी प्रचंड फील्डमध्ये निर्वात जागेतही हे तत्त्व काटेकोर राहत नाही, प्रकाशाने प्रकाशाला धक्का दिल्याचा पुरावा जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत २०१७ साली मिळाला. तो नीटच्या अभ्यासक्रमात यायला अजून वेळ आहे. आल्यावर त्याचीही क्लृप्ती निघेल.

मात्र एका ठिकाणी क्लृप्तीवाल्यांची बाजू लंगडी पडते, आणि वकिलाने आपल्या अशिलाचा दोष आधीच सांगून टाकलेला बरा. ‘सिमेट्री म्हणजे झिरो’ हे वाक्य फील्डबद्दल आहे, पोटेन्शियलबद्दल नाही. त्याच चौरसाच्या मध्यावर पोटेन्शियल विचारलं तर तिथे बाण नसतात, नुसत्या संख्या असतात, आणि चार धन चार्जांचं मिळून तीन लाख साठ हजार व्होल्ट भरतं. फील्ड शून्य, पोटेन्शियल साडेतीन लाखांच्या वर. आता कोपऱ्यांवर फेरीने धन, ऋण, धन, ऋण ठेवा, दोन्ही शून्य. आणि शेजारी-शेजारी दोन धन आणि दोन ऋण ठेवले, तर पोटेन्शियल शून्य पण फील्ड साडेपंचवीस लाख न्यूटन प्रति कूलॉम, धन बाजूकडून ऋण बाजूकडे. तीन आकृत्या, कागदावर जवळपास सारख्या दिसणाऱ्या, आणि तिन्हींची उत्तरं वेगळी. आकृती बघून झटकन शून्य म्हणणारा यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या आकृतीत गार होतो. छत्तीस लाखवाला मात्र पोटेन्शियलच्या प्रश्नात आयुष्यात पहिल्यांदा बरोबर येतो, कारण तिथे सरळ बेरीजच हवी असते. त्या दिवशी तो मेसमध्ये गोडाचं जेवतो.

उरला शेवटचा आणि सगळ्यात आवडता आक्षेप: खऱ्या जगात चार्ज कोपऱ्यांवर बसलेले नसतात, ही सममिती फक्त पेपर काढणाऱ्याच्या डोक्यात असते. हा आक्षेप घेणाऱ्याने मराठवाडा पाहिलेला नाही. नांदेडने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले, शंकरराव चव्हाण आणि अशोक चव्हाण. लातूरने दोन दिले, शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख. शंकरराव दोनदा मुख्यमंत्री झाले, विलासराव दोनदा झाले. १९८६ मध्ये निलंगेकरांच्या जागी शंकरराव आले, २००८ मध्ये विलासरावांच्या जागी अशोकराव आले. केंद्रात नांदेडचे शंकरराव गृहमंत्री होते, तर चाकूरचे शिवराज पाटीलही गृहमंत्री झाले. दोन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे आणि दोन्हींना आपापल्या माजी मुख्यमंत्र्याचं नाव आहे. बोर्डाचं विभागीय मंडळ लातुरात, म्हणून नांदेडची पोरं लातूर बोर्डाची. विद्यापीठ नांदेडात, म्हणून लातूरची कॉलेजं नांदेड विद्यापीठाची. आणि १९९४ मध्ये त्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले ते लातूरचे वाघमारे. याहून नीटनेटकी मांडणी नीटच्या पेपरातही करता येणार नाही. आता दोन सारख्या चार्जांच्या मध्यबिंदूवर फील्ड किती? २००९ साली मंत्रिमंडळाने नांदेडला महसूल आयुक्तालय द्यायचं ठरवलं, लातूर रस्त्यावर आलं, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, आणि दोन्ही जिल्ह्यांच्या फायली अजून छत्रपती संभाजीनगरच्या आयुक्तालयात जातात. मागणी नांदेडची जोरदार आहे, लातूरची जोरदार आहे, नेट शून्य.

या दोघांच्या मधोमध, लातूरकडे थोडंसं कललेलं, अहमदपूर आहे. नेमका मध्य त्याच्या जरा पुढे, लोह्याच्या वाटेवर पडतो. तिथल्या दहावी झालेल्या पोराला पुस्तकात टेस्ट चार्ज म्हणतात: ज्याच्यावर सगळ्यांचं बल लागतं, पण ज्याच्यामुळे कुणीच जागचं हलत नाही. लातूरचे क्लास त्याला ओढतात, नांदेडचे क्लास ओढतात, म्हणजे ही शहरं त्याच्या लेखी ऋण चार्ज (फीची पावती पाहिलेल्या बापाला हे वेगळं सांगायला नको). दोन्ही ओढी सारख्या, तेव्हा पोराने मध्यावर स्वस्थ बसून राहायला हवं. पण १८४२ साली अर्नशॉ या इंग्रज गणितज्ञाने सिद्ध करून ठेवलं आहे की स्थिर चार्जांच्या फील्डमध्ये कुठलाही चार्ज नुसत्या विद्युतबलावर स्थिर बसू शकत नाही. सिद्धांत इथे तंतोतंत लागू पडतो. पोरगं आडवं सरकलं, गंगाखेडच्या किंवा मुखेडच्या बाजूला, तर दोन्ही शहरं मिळून त्याला पुन्हा रेषेवर आणतात. म्हणून तालुक्याच्याच कॉलेजात शिकेन म्हणणाऱ्याचं फार काळ चालत नाही. पण रेषेवरच बोटभर सरकलं, आत्याचा मुलगा नांदेडला आहे किंवा शेजारच्याची मुलगी लातूरहून एमबीबीएसला लागली एवढ्या कारणाने, की ते परत फिरत नाही. जिकडे सरकलं तिकडची ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढत जाते आणि दुसरी तशीच घटत जाते. त्याला निर्णय घेतला असं वाटतं.

यातून एक व्यवहारी उपयोगही निघतो, जो दोन्ही शहरांतल्या जाहिरात खात्यांनी अजून केलेला नाही. कुणाची ताकद किती हे फ्लेक्सवरच्या फोटोंवरून ठरवायची गरज नाही. ज्या गावच्या स्टँडवरून लातूरच्या आणि नांदेडच्या एसटीत सारखीच पोरं चढतात ते गाव शोधायचं. तो शून्य बिंदू. तिथून दोन्ही शहरांची अंतरं मोजायची, आणि अंतरांचं गुणोत्तर एकास दोन असेल तर ताकदीचं गुणोत्तर एकास चार. पुन्हा कॅव्हेंडिशचीच पद्धत, शून्य शोधा आणि बाकी सगळं मोजलं गेलं म्हणून समजा. अडचण एकच आहे. हे मोजमाप घेईपर्यंत नांदेडच्या क्लासांनी लातुरात शाखा काढल्या आहेत, लातूरच्यांनी नांदेडात, आणि दोघांचीही नजर आता अहमदपुरातल्या भाड्याच्या हॉलवर आहे. शून्य बिंदूवरच चार्ज आणून ठेवला की अंतर शून्य होतं, शून्याच्या वर्गाने भागावं लागतं आणि फील्ड अनंत येतं. पेपरात असा प्रश्न चुकून छापला गेला तर तो रद्द होऊन सगळ्यांना बोनस मार्क मिळतात. इथे मात्र ॲडमिशन सुरू आहेत.